लोगो येतो आणि जातो

लोगो यायचा, त्याखालची निळी रेघ अर्ध्यापर्यंत सरकायची आणि सगळं नाहीसं व्हायचं. एरर नाही, मेसेज नाही. पुन्हा डबल क्लिक केलं की पुन्हा तेच. धुळ्याच्या एका कान-नाक-घशाच्या दवाखान्यात मी कॉम्प्युटरसमोर बसलो होतो आणि माझ्या मागे डॉक्टर उभे होते.

मी जळगावचा. श्रवणयंत्रं पुरवणाऱ्या एका एजन्सीत सपोर्टचं काम करतो. यंत्र कानात घातलं की ऐकू येतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं. चष्म्याला जसा नंबर, तसं प्रत्येक कानाचं मोजमाप वेगळं. कुठला आवाज किती वाढवायचा, हे कॉम्प्युटरवरून यंत्रात भरावं लागतं. ज्या प्रोग्रॅमने भरतात त्याला आम्ही फिटिंग सॉफ्टवेअर म्हणतो. तोच उघडत नसेल तर नवंकोरं यंत्र डबीतच राहतं.

आदल्या दिवशी मी जळगावहूनच, इंटरनेटवरून त्यांची स्क्रीन माझ्याकडे घेऊन, प्रोग्रॅम काढून नव्याने टाकला होता. काही फरक पडला नाही. म्हणून सकाळच्या एसटीने धुळे गाठलं.

"व्हायरस असणार," डॉक्टर म्हणाले. "वैशालीताई पेन ड्राइव्ह लावतात. कितीदा सांगितलं."

वैशालीताई तिथल्या ऑडिओलॉजिस्ट. कान तपासणं, यंत्र बसवणं, पालकांना समजावणं, सगळं त्याच बघतात. त्या दारातच होत्या. त्या हातातली फाइल चाळत राहिल्या. हे बोलणं त्या पहिल्यांदा ऐकत नसाव्यात. रिसेप्शनवरच्या बाईंनीही मला आल्या आल्या तेच सांगितलं होतं, ताईंच्या पेन ड्राइव्हमुळे झालं म्हणून.

बाहेर बाकावर शिरपूरच्या पुढच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावाहून आलेलं कुटुंब बसलं होतं. आई, वडील आणि लहान मुलगी. मुलीला जन्मापासूनच फार कमी ऐकू यायचं. तिला आज पहिल्यांदा यंत्र बसणार होतं. मी पाणी प्यायला गेलो तेव्हा वडील उठून जवळ आले.

"भाऊ, आज व्हई ना? आम्हनं गाव लांब शे."

बघतो, एवढंच मी म्हणालो. खोटा धीर देणं मला जमत नाही.

आधी सगळ्या पेशंटच्या माहितीची कॉपी काढून घेतली. मग व्हायरस तपासला. मशीन स्वच्छ निघालं. डॉक्टरांना तसं सांगितलं, तर ते म्हणाले, पेन ड्राइव्हने दुसरं काहीतरी बिघडलं असेल. विंडोज आपल्या आतल्या घडामोडींची नोंद ठेवतं, तीही पाहिली. प्रोग्रॅम अचानक बंद पडला, इतकंच तिथे होतं. ते तर मला दिसतच होतं.

अशा वेळी एक साधी परीक्षा असते. एकाच कॉम्प्युटरवर वेगवेगळ्या लोकांसाठी वेगवेगळे लॉगिन करता येतात. घर एकच, खोल्या वेगळ्या. मी नवं लॉगिन तयार केलं आणि त्यातून प्रोग्रॅम उघडला. निळी रेघ शेवटपर्यंत गेली आणि पेशंटची नावं समोर आली.

म्हणजे प्रोग्रॅम ठीक होता, मशीनही ठीक होतं. गडबड जुन्या लॉगिनमध्येच कुठेतरी होती.

"झालं तर मग," डॉक्टर म्हणाले. "आता हेच लॉगिन वापरू." ते पेशंट बघायला निघून गेले.

वैशालीताईंनी मुलीला आत घेतलं. यंत्र कॉम्प्युटरला जोडलं, तिच्या कानाचं मोजमाप भरलं आणि आवाज अगदी बारीक ठेवून सुरू केला. मुलगी दचकली. रडली. यंत्र ओढून काढायला लागली. आई घाबरली, तेव्हा ताईंनी तिला सांगितलं की रडते आहे ते बरं आहे, तिला काहीतरी नवीन कळलंय. मग त्यांनी टेबलावर हळूच टिचकी मारली. मुलगी रडायची थांबली आणि टेबलाकडे बघत राहिली. वडील भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

माझं काम संपलं होतं. बॅग भरत होतो. ताई मुलीचा हात धरूनच, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सर, कारण सापडल्याशिवाय जाऊ नका."

मी बॅग खाली ठेवली.

ते कुटुंब गेल्यावर मी जुन्या लॉगिनमध्ये शिरलो. प्रोग्रॅमची जुनी सेटिंग बाजूला काढून पाहिली, तरी तो बंद पडलाच. आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टी बंद केल्या, तरी तेच. मग फॉन्ट आठवले. फॉन्ट म्हणजे अक्षरांची वळणं. एखादा फॉन्ट एकाच लॉगिनपुरता टाकता येतो. आणि हा प्रोग्रॅम सुरू होताना त्या लॉगिनमधले सगळे फॉन्ट वाचून घेतो. त्यातला एक जरी तुटका असेल, तर हा वाचता वाचता कोसळू शकतो. फॉन्टची यादी उघडली. सगळ्यात नवा एक मराठी फॉन्ट होता. त्याचा नमुना उघडून पाहिला, तर चौकट कोरी. त्याची फाइल बाजूला ठेवून तो लॉगिनमधून काढला, मशीन पुन्हा सुरू केलं आणि प्रोग्रॅम उघडला. निळी रेघ शेवटपर्यंत गेली.

डॉक्टरांना बोलावून मी ती कोरी चौकट दाखवली आणि हा फॉन्ट कोणी टाकला होता, एवढंच विचारलं. त्यांनी चष्मा वर करून फॉन्टचं नाव वाचलं.

"मीच," ते म्हणाले. दवाखान्याच्या एका शिबिराच्या बॅनरला त्यांना वळणदार अक्षर हवं होतं. मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवली होती. ती नीट उतरली नसावी. बॅनर काही त्यात जमला नाही, म्हणून ते विसरूनही गेले.

ताई कपाट आवरत होत्या. डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांनी रिसेप्शनवरच्या बाईंना आणि कंपाउंडरला आत बोलावलं.

"सगळ्यांसमोर बोललो होतो," ते म्हणाले, "तर हेही सगळ्यांसमोर. बिघाड माझ्यामुळे झाला. ताईंचा काही संबंध नाही."

ताई "ठीक आहे सर" म्हणाल्या आणि त्यांनी कपाट लावून घेतलं. त्या हसल्या नाहीत. तशी माझी अपेक्षाही नव्हती. मशीनमधला फॉन्ट काढता येतो, तसं बोललेलं माणसातून काढता येत नाही.

मी कंपनीला कळवलं की एका तुटक्या फॉन्टने तुमचा प्रोग्रॅम कोसळतो. पुढच्या आवृत्तीत बघू, असं उत्तर आलं. अजून बघताहेत.

एक मात्र शिकलो. प्रोग्रॅम बंद पडला की लोक आधी माणूस शोधतात, मग कारण. मी आता कुठेही गेलो की सांगतो, आधी कारण शोधू द्या. बऱ्याचदा मग माणूस शोधायची घाई कोणालाच राहत नाही.