गुरुजींच्या यादीतून राहिलेली नावं

गोकुळ गुरुजी बटाटे नगावर घेतात, हे जव्हारच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. "शेठ, बटाटे चौदा द्या," म्हणायचे. किलोबिलो काही नाही. कांदे बारा, वांगी सात, आणि साखर आधीच पुड्यात बांधलेली असेल तरच. श्रीकृष्णशेठच्या किराणा दुकानात छताला तबकडीचा टांगता काटा होता. गुरुजी आले की त्याच्याकडे पाठ करून रस्त्यावरच्या जीपा बघत उभे राहायचे. शेठ दर वेळी विचारायचे, "गुरुजी, तूरडाळ कशी देऊ, मोजून?" आणि बाकड्यावरची मंडळी मनसोक्त हसायची.

आळीत यावर तीन मतं होती. एक, गुरुजींचं गणित कच्चं. दोन, ममतावहिनींची तशी ताकीद, कारण वहिनी करारी. तीन, मोखाड्याकडचा माणूस, तिकडे असंच असतं. हे तिसरं मत जव्हारात कशालाही लागू पडतं, म्हणून तेच जास्त चालायचं. खरं कारण कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर गंमत संपली असती आणि आळीला नवा विषय शोधावा लागला असता.

गुरुजी सूर्यमाळच्या अंगाचे. घरात नाचणी, वरई आणि सहा भावंडं. शिकून मास्तर झालेले हे पहिलेच. ब्याण्णव-त्र्याण्णव साली त्यांची शाळा वावर गावाच्या बाजूला होती. पाड्यांवरची लहान पोरं कुपोषणाने जात होती, तेव्हा गुरुजींनाही वजनं करायच्या कामाला लावलं. एक टांगता काटा, एक कापडी झोळी आणि एक वही हातात दिली. घराच्या आढ्याला काटा टांगायचा, झोळीत मूल ठेवायचं, सुई थांबली की आकडा लिहायचा. पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच घरं. काही घरांत झोळीत ठेवायला मूल नसायचं. मग वहीतल्या नावावर रेघ मारायची. रेघ सरळ यावी म्हणून गुरुजी पट्टी घेऊन जायचे. हे पट्टीचं त्यांनी पुढे आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं.

बदली होऊन जव्हारात आले, घर बांधलं, दाराला निळा रंग दिला. पण माणूस अर्धाच आला. वाक्य सुरू करायचे आणि मधेच सोडून द्यायचे. चहा ओतायला घेतला की कप भरायचा, बशी भरायची, मग चहा टेबलावरून वहिनींच्या पायापर्यंत यायचा. शाळेत हजेरीची पहिली आठ-दहा नावं खणखणीत, आणि मग एखाद्या नावाशी थांबायचे ते थांबायचेच. पोरांनी आपला तोडगा काढला होता. गुरुजी थांबले की ती आपापलं नाव घेऊन आपणच 'हजर' म्हणून टाकायची. तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा लिहिला, 'वर्गाची स्वयंशिस्त उत्तम.'

पुढे दोन हजार एक साली एका संस्थेच्या दवाखान्यात महिन्यातून दोन शनिवार नाशिकहून दोघं जण येऊ लागले. एक डोळ्यांचे डॉक्टर आणि दुसऱ्या अवंतीबाई. बाईंच्या दारावर पाटी होती, 'मानसिक आरोग्य व समुपदेशन'. ही पाटी वाचताना कुणी दिसला तर लोक त्याच्याकडे बघायचे, म्हणून ती कुणी वाचली नाही. दोन्ही खोल्या एकाच बोळात, समोरासमोर. केसपेपर काढताना जो तो सांगायचा, "डोळे." मग बोळात शिरायचं, मागे बघायचं आणि डावीकडे डोळ्यांकडे जायच्या ऐवजी उजवीकडे सटकायचं. बोळाच्या तोंडाशी स्टुलावर शिपाई भिका बसायचा. आपण यातलं कुणाला काही सांगत नाही, असं तो सगळ्यांना सांगायचा. नोंदवहीत चाळीस पेशंट आणि खुर्चीत सहाच कसे, हे कोडं डोळ्यांच्या डॉक्टरांना शेवटपर्यंत सुटलं नाही.

एका शनिवारी ममतावहिनींनी गुरुजींच्या हातात पिशवी दिली नाही, छत्री दिली.

"अहो, डोळे तपासून या."

"माझे डोळे चांगले आहेत."

"म्हणूनच म्हणते. उजवीकडची खोली."

गुरुजी गेले आणि कुरकुरत परत आले. ना गोळी, ना इंजेक्शन. बाई नुसत्या ऐकत बसतात. "नुसतं बोलायचंच होतं तर मी आळीत बोललो असतो."

"बोललात का दहा वर्षांत?"

"नाही."

"मग पुढच्या शनिवारी जा."

चौथ्या की पाचव्या खेपेला गुरुजींनी त्या पट्टीची गोष्ट काढली. बाईंनी विचारलं, "कसली होती?" गुरुजी म्हणाले, "लाकडी. एक कोपरा तुटलेला." आजवर त्यांना भावाने, सासऱ्याने, मुख्याध्यापकांनी एकच औषध सांगितलं होतं, 'विसरा'. बाईंनी ते सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "ती नावं तुमच्याकडे राहू देत. पण ती त्या वहीतली. आजच्या वहीत आजची पोरं आहेत, ती वाट बघतायत." अडलं की काय करायचं तेही शिकवलं. तळपाय जमिनीला घट्ट टेकवायचे, गाव, वार आणि जागा स्वतःला सांगायची, मग पुढचं नाव घ्यायचं. तीन वर्षांत गुरुजी दहाव्या नावावरून बाविसाव्यावर आले. चहा बशीच्या आत थांबू लागला. पटावर मात्र एकतीस पोरं होती, आणि संबंध हजेरी एकदाही झाली नाही.

दोन हजार चार साली संस्थेचं जव्हारचं काम आटोपलं. बाईंचा शेवटचा शनिवार जाहीर झाला आणि गावाला आपलं कर्तव्य आठवलं: सत्कार. जव्हारात येणाऱ्याचा सत्कार होतो, जाणाऱ्याचा होतो, आणि मधल्या काळात त्याला कुणी ओळखत नाही.

बैठक श्रीकृष्णशेठच्या दुकानात भरली. अध्यक्ष अर्थातच शेठ. शाल, श्रीफळ, स्वागतगीत, सगळं पटापट ठरलं. स्वागतगीत शेठची मुलगी विद्युल्लता म्हणणार होती. बारा वर्षांची पोर, सहा महिन्यांपूर्वीपर्यंत कशापाशी दोन मिनिटं टिकत नव्हती. पाढा म्हणता म्हणता कौलांवर चढायची. हल्ली ती वीस मिनिटं एका जागी बसून गणितं सोडवायची. कशी ते शेठ सांगत नव्हते. तिच्या चष्म्याच्या तपासण्या बऱ्याच झाल्या, एवढंच गावाला ठाऊक. चष्मा काही पोरीला लागला नाही.

पांड्या पेंटर कापड अंथरून ब्रश घेऊन बसला. "बोला. सत्कार कशाबद्दल लिहू?"

प्रत्येक जण दुसऱ्याच्या चपलांकडे बघू लागला.

"सेवेबद्दल लिही," कुणीतरी म्हणालं.

"कसल्या? कापड अकरा फुटांचं आहे, जागा भरली पाहिजे."

"नेत्रसेवेबद्दल," शेठ म्हणाले, आणि मंडळींनी सुटकेचा श्वास सोडला.

सगळी मानाची कामं वाटून झाल्यावर आभारप्रदर्शन उरलं. ते कुणालाच नको असतं, कारण तोवर लोक चिवड्याकडे निघालेले असतात. शेठ म्हणाले, "गुरुजी करतील. अक्षर चांगलं आहे." आभाराला अक्षर कशाला लागतं, ते त्यांनी सांगितलं नाही. अठ्ठावीस नावांची यादी गुरुजींच्या हातात पडली.

घरी येऊन गुरुजी यादी मांडीवर घेऊन बसले. वहिनी तांदूळ निवडत होत्या.

"अठ्ठावीस आहेत. मधेच अडलो तर अख्खा गाव बघेल."

"बघू दे."

"आणि यात बाई डोळ्यांच्या आहेत. मंडपवाला, माईकवाला, खुर्च्यावाला, सगळ्यांचे खरे आभार मानायचे आणि बाईंचे खोटे. त्या पाचच्या जीपने जाणार. पुन्हा भेट नाही."

"मग खरे माना."

"उद्यापासून आळी काय म्हणेल?"

"आज काय म्हणते? चौदा बटाटे म्हणते," वहिनी म्हणाल्या आणि खडा बाजूला टाकला.

कार्यक्रम शाळेच्या हॉलात झाला. बाई स्टेजवर, गळ्यात झेंडूचा हार, डोक्यावर अकरा फुटांची नेत्रसेवा. डोळ्यांचे डॉक्टर तिसऱ्या रांगेत टाळ्या वाजवत होते. विद्युल्लता स्वागतगीताची पाचही कडवी न हलता म्हणाली, तेव्हा शेठने घाम पुसायच्या निमित्ताने रुमाल काढला. मग भाषणं झाली. एक सद्गृहस्थ म्हणाले, "मी स्वतः बाईंकडे कधी गेलो नाही. मेहुण्याला सोबत म्हणून गेलो, नऊ वेळा." त्यांचा मेहुणा उठला आणि आपण भावोजींना सोबत म्हणून गेलो होतो, असं म्हणाला. दोघांनाही टाळ्या मिळाल्या.

गुरुजी माईकपाशी आले तेव्हा खुर्च्या सरकू लागल्या होत्या. मंडपवाले, माईकवाले, फुलवाले. नाव आलं की गुरुजी 'यांचे आभार' म्हणत पुढे सरकत होते. नववं नाव चहा करणाऱ्या गौराबाईंचं होतं.

"गौरा," गुरुजी म्हणाले आणि थांबले.

त्या वहीतही एक गौरा होती. दीड वर्षाची.

चिवड्याकडे निघालेले लोक वळले. थांबलेलं आभारप्रदर्शन जव्हारने आजवर पाहिलं नव्हतं. शेठने प्रसंग आवरायला टाळी वाजवली. ती एकटीच वाजली. गुरुजींनी चपला काढून बाजूला सरकवल्या, तळपाय फरशीला टेकवले आणि माईक तोंडाशी आहे हे विसरून म्हणाले, "जव्हार. शनिवार. शाळेचा हॉल." हे कर्ण्यातून बाजारापर्यंत गेलं. मग त्यांनी यादी खाली ठेवली.

"मी बाईंकडे डोळे दाखवायला गेलो नव्हतो," ते म्हणाले. "मला हजेरी घेता येत नव्हती. काटा बघवत नव्हता. बाईंनी तीन वर्षं माझं ऐकलं. ही यादी मंडपवाल्यांची आहे. बाईंकडे ज्यांचं काम झालं, त्यांची यादी माझ्याकडे नाही. त्यातलं एकच नाव मला माहीत आहे, ते घेतो. गोकुळ. हजर."

आता हा माणूस कामातून गेला, असं बऱ्याच जणांनी ठरवूनही टाकलं. तेवढ्यात दाराशी उभा असलेला भिका शिपाई पुढे आला.

"गुरुजी, माजा नाव ऱ्हायला. भिका. दोन साल नीज नव्हती. सगली गेल्यावर मी पण जाय आत."

गुरुजींनी यादी उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नाव लिहिलं. मागून भाजी विकणारी रुपी उठली, "माझंपण लिवा." आणि मग जे झालं ते जव्हारच्या स्वभावाला धरूनच झालं. या गावात माणूस एक वेळ वेडा ठरलेला चालतो, पण आभारातून नाव गळलेलं चालत नाही. त्यावरून दोन भाऊ अकरा वर्षं बोललेले नाहीत. मेहुणा उठला, भावोजी उठले, आणि आपल्या आधी त्याचं नाव का लिहिलं म्हणून तिथेच भांडले. शेवटी अध्यक्षांना राहवेना. एका शिपायाचं नाव यादीत आणि अध्यक्षांचं नाही, हे कसं दिसेल?

"विद्युल्लतेचे वडील, असं लिहा," शेठ खुर्चीतून हळूच म्हणाले.

"नाव घाला ना शेठ."

"बरं. श्रीकृष्ण. आणि जरा वर घ्या."

एकोणीस नावं झाली. गुरुजींनी कागद समोर धरला आणि पहिल्यापासून वाचायला घेतला. प्रत्येक नावाला हॉलातून 'हजर' येत होतं, कुणाचं खणखणीत, कुणाचं पदरातून. एकोणिसाव्या नावानंतर कागदावर काही उरलं नाही. गुरुजींनी तो उलटापालटा करून पाहिला. मग पुढची बाजू वर घेऊन गौराबाईंचे आणि उरलेल्या सगळ्यांचे रीतसर आभार मानले.

बाईंना बोलायचं होतं, पण आभारानंतर कुणी बोलत नाही, सरळ राष्ट्रगीत होतं. त्यात बाईही उभ्या राहिल्या आणि शब्द मात्र त्यांना निम्मेच म्हणता आले. जीपपाशी त्यांनी गुरुजींना एवढंच विचारलं, "किती झाली?"

"सत्तेचाळीस. दोन्ही बाजू धरून."

बाई हसल्या. बॉनेटवर हार घेऊन जीप नाशिकच्या रस्त्याला लागली.

सोमवारी गुरुजी दुकानात आले. बाकड्यावर मंडळी होती, पण त्यांतले तिघे यादीतले असल्याने हसायचं कुणी, हा प्रश्न पडला.

"बटाटे," गुरुजी म्हणाले. "एक किलो."

शेठने काट्याची तबकडी भिंतीकडे फिरवली.

"इकडे करा शेठ."

शेठने ती परत फिरवली आणि पारड्यात एकेक बटाटा सावकाश ठेवू लागले, अंडी ठेवावीत तसे. सुई हलली. गुरुजींनी चपला काढल्या. सुई अर्ध्या किलोपर्यंत आली तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"बास," ते म्हणाले. "एवढे वजनावर. बाकीचे सात मोजून द्या."