आबांचा पंखा

आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, गाडीत बसण्याआधी बॉनेटवर तळहात टेकवून उभे राहायचे. आजारी मेंढराचा कान चाचपावा तसे. गाडी रात्रभर अंगणात थंड पडलेली असली तरी! "आवं आबा, अजून चालूच केली नाही," मी म्हणायची. "मंग काय झालं? हाताला सवं पायजे," हे उत्तर ठरलेलं.

घर म्हसवडचं, मेंढरं राखणाऱ्यांचं. आबा फौजेत ट्रक चालवून आलेले. पुढं नजर अधू झाली आणि नवरा नोकरीला पुण्यात, म्हणून स्टेअरिंग माझ्या हाती आलं. माझी आई आष्ट्याला एकटी असते. रविवारी तिच्याकडे एकटीनं जावं, वाटेत कुणाचा उपदेश नको, एवढीच माझी हौस. पण मी किल्ली घेऊन येईपर्यंत आबा पुढच्या सीटवर बसलेले! "गाडी तापली मंजी काय करशील, पोरी?"

"मेकॅनिकला फोन करीन."

"त्यो येईस्तवर इंजान भाजून निघंल."

त्या गाडीत इंजिनाचा ताप बघणारी दोन सेन्सरं. एक समोरच्या तापाच्या काट्याला सांगतं, दुसरं इंजिन गार करणाऱ्या पंख्याला. दुसऱ्यावर आबांचा दात होता. "ह्ये लय आळशी हाय. समदं उकळाय लागल्यावर जागं हुतं." म्हणून ते त्याच्या वायरीचं सॉकेटच उपसून ठेवायचे. सॉकेट निघालं की आमच्या गाडीचा पंखा थांबायचं नावच घ्यायचा नाही. समोर काट्याशेजारी बिघाडाचा दिवा पेटलेला, पेट्रोल घटाघटा संपतंय आणि आबा खूश! मेकॅनिकनं हात जोडले, "आबा, काढू नका ओ." मी संध्याकाळी बसवायची, सकाळी परत उपसलेलं. वैताग नुसता!

वर आमची शिकवणी. अंगणात बॉनेट उघडून म्हणायचे, "डोळं झाक. हात घाल. काट्याचं कंचं? पंख्याचं कंचं?" चुकले की पुन्हा. शेजारणी पदराआड हसायच्या. "किल्ली चालू ठिवायची आन् रेडिएटरच्या टोपणाला हात लावायचा न्हाई. तोंड भाजंल." शंभरदा ऐकलं असेल मी हे.

कहर केला तो आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला. सांगलीचं हॉस्पिटल तोंडावर आलेलं, आणि यांनी गाडी थांबवायला लावली. का, तर पंख्याचा आवाज 'बारीक' येतोय! बॉनेट उघडून बसले. आम्ही पोचलो तेव्हा डॉक्टर निघून गेलेले, ऑपरेशन लांबणीवर. मी चारचौघांत ओरडले, "आबा, पुन्हा या गाडीत बसायचं नाही!" पुढच्या खेपेला, ऑपरेशन झालं त्या दिवशीही, आबा पुढच्या सीटवर हजर. "गाडी माझी हाय," म्हणाले.

दिवाळीनंतर आबा गेले. झोपेतच.

मेकॅनिककडून सगळं नीट बसवून घेतलं, दिवा विझला. आईच्या दुसऱ्या डोळ्याची तारीख आली. आष्ट्याहून तिला घेऊन निघाले आणि उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत अडकले. गाडी मुंगीच्या पावलानं सरकतेय. बघते तर काटा लालकडे चाललाय आणि पंखा गप्प! मेकॅनिकला फोन लावला. "बंद करून बाजूला लावा, ताई. येतो दुपारपर्यंत."

दुपारपर्यंत? पुन्हा तारीख हुकायची? आई मागून विचारतेय, "पोचू ना गं वेळेत?"

गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, किल्ली मात्र चालू ठेवली. बॉनेट उघडून हात आत घातला. बघायचीही गरज पडली नाही, बोटं बरोबर पंख्याच्या सॉकेटवर गेली. ओढलं.

पंखा भणाणला. काटा हळूहळू उतरू लागला.

"झालं समाधान, आबा?" मी भर रस्त्यात ओरडले. इतका राग आला होता त्यांचा, आणि रडू थांबेना.

आई खिडकीतून म्हणाली, "कुणाशी भांडतेस गं?"

डोळे पुसले, बॉनेट लावलं. पुढच्या सीटवर आईची पिशवी होती. ती उचलून मागं ठेवली आणि सांगलीला वेळेत पोचले.