घाणा सोडून बार्शीला

सिद्धम्मा तेलिणीला गावात सगळे जरा वचकूनच असायचे. भालकीकडची, कानडी मुलखातली लेक. निलंग्याच्या खालच्या अंगाला, तेरणाकाठच्या गावात तिला दिली होती. रोजचं बोलणं मराठीत, पण डोकं फिरलं की ती कानडीत उतरायची, आणि मग समोरच्यानं निमूट आपली वाट धरावी. नवरा शिवलिंग अगदी उलटा. दिवसभर घाण्याच्या बैलामागं फिरायचा, चार शब्द बोलला तर बोलला. करडई, जवस, तीळ, जे येईल ते गाळायचा. त्याच्या तेलाचं लातूरच्या पेठेतही नाव होतं.

पण निजामाच्या त्या शेवटच्या वर्षांत नावावर पोट भरेना. लेव्हीच्या, सरकारच्या सक्तीच्या धान्यवसुलीच्या, धाकानं शेतकरी माल घरातनं बाहेर काढीना, त्यामुळं घाणा आठवड्यातले निम्मे दिवस उभाच. रॉकेल मिळत नव्हतं. लुगडं घ्यावं तर ते करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरून आलेलं, हात लावायची सोय नाही. सरहद्दीपलीकडं बार्शीला सिद्धम्माचा धाकटा भाऊ भुजंग तेलाच्या गिरणीत होता. संक्रांतीला तो आला आणि जेवता जेवता त्यानं विषय काढला.

"अक्का, तिकडं कापड, साखर सगळं सस्त हाय. आठवड्याच्या आठवड्याला पगार. दाजीसारखा माणूस मुकादम डोळे झाकून घेतो. हितं काय करत बसलाय तुम्ही?"

शिवलिंगनं भाकरी ताटात ठेवली. "हितं मी घाण्याचा धनी हाय. तिथं दुसऱ्याच्या यंत्राला तेल पाजू?"

"घाणा काय चघळून खायचा हाय?" सिद्धम्मा म्हणाली. पण तिचंही मन एका बाजूला पडत नव्हतं. भावजयीच्या बाळंतपणाला ती बार्शीला राहून आली होती. खोली एवढीशी, की झोपलं तर पाय उंबऱ्याबाहेर. नळावर भांडणं. रात्रंदिवस गिरणीची घरघर. इथं निदान अंगण होतं, विहीर होती. पण बसम्मा, त्यांची एकुलती लेक, आता न्हाण यायच्या वयाला आली होती, आणि रझाकारांच्या टोळ्या गावोगाव फिरत होत्या. जळकोटकडच्या एका गावात त्यांनी चावडीसमोर पाटलाला गोळी घातल्याची खबर बाजारात आली, त्या दिवसापासून सिद्धम्मा बसम्माला एकटीला नदीवर पाठवीना.

भिंतीला भिंत लागून बडेसाब पिंजाऱ्याचं घर. त्याची बायको हुसेनबी आणि सिद्धम्मा सकाळी कोंबडीवरून भांडायच्या आणि दुपारी एकाच पाटीतली भाजी निवडायच्या. सिद्धम्मानं तिलाच विचारलं.

"जा," हुसेनबी म्हणाली. "मेरेकू पूछती तो जा. जवान होती पोरगी हाय घरात. मी आडवी आले असते, पण ये दिन अच्छे नईं."

शेवटी ठरलं की करडईचा हंगाम गाळून घ्यायचा आणि पाडवा झाला की निघायचं. शिवलिंग हो म्हणाला नाही, पण नाहीही म्हणाला नाही. त्यांच्या घरात तोच होकार होता.

पाडवा यायच्या आतच टोळी आली. भर दुपारी, घोड्यांवर. गावातली दारं धडाधड लागली. चौघं जण तेल्याच्या अंगणात उतरले. त्यांना तेलाचे डबे हवे होते, गाडी हवी होती आणि गाडीला जुंपायला घाण्याचा बैल. डबे नेले तोवर शिवलिंग खांबाला टेकून बघत राहिला. एकानं बैलाचं दावं सोडलं तेव्हा मात्र तो पुढं झाला आणि त्यानं दावं धरलं.

"हे न्हाई," एवढंच बोलला.

तलवार वर गेलेली सिद्धम्मानं पाहिली, खाली आलेली पाहिली नाही. शिवलिंगचा उजवा हात मनगटापासून तुटला. दावं धरलेली मूठ तशीच मिटलेली मातीत पडली. बैल रक्ताच्या वासानं उधळला, घाण्याची लाट, ते आडवं लाकूड, मोडून भिंतीवर आदळला. तलवारवाला दुसरा वार करायला वळला, आणि सिद्धम्मानं घाण्यातली पेंड खणायची लोखंडी पहार उचलली. ती कानडीत काय ओरडली हे तिलाही पुढं आठवलं नाही. पहार त्याच्या कानशिलावर बसली. नारळ फुटावा तसा आवाज झाला. तो खाली बसला, मग आडवा झाला, आणि पाय झाडू लागला.

बाकीचे तिघं बंदुका आणायला बाहेर घोड्यांकडं पळाले. तेवढ्या वेळात परसातल्या भिंतीवरून बडेसाबचे हात आले. "भाभी, इधर! जल्दी!" आधी बसम्मा, मग शिवलिंग, मग ती. हुसेनबीनं तिघांना कापसाच्या ढिगात ढकललं आणि वर गाद्या टाकल्या. बडेसाब दारात जाऊन उभा राहिला आणि नदीकडं हात करून ओरडला, "उधर भागे! नदी कू!"

घोडे नदीकडं गेले, पण जाताना त्यांनी तेल्याच्या घरावर त्याच्याच घरचं तेल ओतून काडी लावली होती. भिंतीपलीकडं वासे तडतडत होते. शिवलिंगचं रक्त थांबत नव्हतं. कापूस दाबावा तो लाल व्हावा. सिद्धम्मानं हुसेनबीच्या चुलीवर कढईत तेल ठेवलं.

"त्येच्या तोंडात कापूस कोंब," ती म्हणाली. "आणि पाय धर."

हुसेनबी रडत रडत पायांवर बसली. बडेसाबनं खांदे दाबले. सिद्धम्मानं नवऱ्याचा तुटका हात उकळत्या तेलात बुडवला. त्याचं अंग धनुष्यासारखं वर उचललं गेलं आणि मग सैल पडलं. रक्त थांबलं. बसम्मा कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसली होती. पुढं कित्येक महिने ती बोलली नाही.

बडेसाबनं त्यांना गाद्यांच्या गाडीत घालून लातूरच्या पुढं सोडलं. वाटेत दोनदा गाडी अडवली, दोन्ही वेळा त्याच्या दाढीकडं बघून सोडली. तिथून नाका चुकवत, डोंगरातून, शिवलिंगला दोन्हीकडून धरून मायलेकी चालल्या. बार्शीच्या शिवेवर भुजंग भेटला. दाजीचा हात बघून तो रस्त्यातच खाली बसला.

एका हाताच्या माणसाला गिरणीत काय काम? मुकादमानं त्याला दारावर बसवलं. सिद्धम्मा शेंगा निवडायला लागली. खोलीत खरोखरच पाय उंबऱ्याबाहेर जात. ज्वारी सस्त होती, लुगडं सस्त होतं. नवं लुगडं नेसताना तिला काहीच वाटलं नाही.

भादव्यात हिंदुस्थानची फौज आली, निजामाचं राज्य बुडालं. बार्शीला आसऱ्याला आलेली माणसं गुलाल उधळत गावाकडं निघाली. सिद्धम्माही निघाली. घराचं काय उरलंय ते बघायचं होतं, आणि हुसेनबीसाठी तिनं बार्शीचं एक चांगलं लुगडं घेतलं होतं.

पिंजाऱ्याच्या घराला छप्पर नव्हतं. भिंती तेल्याच्या भिंतींसारख्याच काळ्या. आधी तिला वाटलं, रझाकारांनीच त्यांनाही जाळलं. चावडीवर किशनराव बसला होता, गावचा मोठा शेतकरी. टोळी आली त्या दिवशी त्याचंही दार बंद होतं.

"या, तेलीणबाई! आता आपलं राज आलं. घाणा मांडा पुन्हा, लाकूड मी देतो."

"बडेसाब कुठं हाय?"

किशनरावनं पानाची पिचकारी टाकली. "फौज आली तवा पोरं जरा खवळली. गेला त्यात."

"त्येनं काय केलं हुतं?"

"केलं न्हाई काय. त्येंच्यातला हुता की."

तिथंच एकेकाच्या तोंडून तिला सगळं कळलं. आदल्या वर्षी ज्यांच्या गाद्या त्यानं पिंजल्या होत्या त्याच पोरांनी त्याला विहिरीवर नेलं होतं. तो एकेकाचं नाव घेऊन हाका मारत होता. कुऱ्हाडीनं मारलं आणि विहिरीत टाकलं. त्या विहिरीचं पाणी अजून कुणी पीत नव्हतं.

सिद्धम्मा चावडीची पायरी चढली आणि तिनं किशनरावच्या थोबाडीत मारली. त्याचा पटका उडाला. भोवतीची माणसं उठली, एकानं तिचे केस धरून तिला पायरीवरून खाली ओढलं. ओठ फाटला, एक दात तुटला. किशनरावच म्हणाला, "सोडा रे. डोकं फिरलंय तिचं."

"माझं न्हाई," ती रक्त थुंकत म्हणाली, आणि उठून चालू लागली. जिच्यासाठी लुगडं घेतलं होतं तिला शोधत ती उदगीरला गेली. हुसेनबी तिथं बहिणीच्या घरी होती. तिनं लुगडं घेतलं, मांडीवर ठेवलं.

"चल माझ्यासंगं," सिद्धम्मा म्हणाली. "बार्शीला गिरणीत काम मिळंल. मी हाय."

"तू हाय गे. पर तू कितने जनाँ कू मारेगी?" हुसेनबी म्हणाली. तिची लेक हैदराबादला दिलेली होती. तिकडंच जायचं तिनं ठरवलं होतं. आता दोघींना कोंबडीवरून भांडायलाही काही उरलं नव्हतं. निरोप घेताना हुसेनबीनं तिच्या फाटक्या ओठाला हळद लावून दिली. पुन्हा भेट झाली नाही.

सिद्धम्मा बार्शीतच राहिली. बसम्मा बोलायला लागली, तिथंच नांदायला गेली. बऱ्याच वर्षांनी शिवलिंग गेला तेव्हा गावाकडून काही माणसं आली. म्हणाली, मूठमाती गावात देऊ, लिंगायती रीतीप्रमाणं पूर्वजांच्या शेजारी बसवून पुरू. गाडी घेऊनच आलो आहोत.

"बेडा," ती कानडीत म्हणाली. मग मराठीत समजावून सांगितलं, "नको. लई चाललाय तो. हितंच बसू द्या."