लाकडाला अर्थ नसतो

आमच्या धंद्यात अर्थ म्हणजे मतलब नव्हे. गाडीतला करंट बॅटरीतून निघतो, बल्ब पेटवतो आणि गाडीच्या लोखंडी अंगातून परत बॅटरीकडे जातो. त्या परतीच्या वाटेला आम्ही अर्थ म्हणतो. बल्ब पेटला नाही की पहिला प्रश्न हाच, "अर्थ लागलाय का?" जुन्या जालन्यात धान्याच्या ठोक दुकानांपाशी माझं वायरिंगचं दुकान होतं आणि हा प्रश्न मी दिवसातून दहादा तरी विचारायचो. असं असून एकदा तो विचारायला मी स्वतःच विसरलो, आणि थोडाथोडका नाही, चांगला तीन आठवडे.

नव्वद सालानंतरची गोष्ट आहे. पावसाळा सरत आला होता. वडीगोद्रीकडचे एक म्हातारे दुकानात आले आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेले चार मीटर त्यांनी माझ्यासमोर मांडले. पितळी कड्यांचे, काळ्या चेहऱ्याचे, बशीएवढे. काचा आतून धुरकटल्या होत्या आणि काटे झोपलेले. असे मीटर मी कुठल्याच ट्रकला पाहिले नव्हते.

"कशाचेत?" मी विचारलं.

"मोटारबोटीचे," ते म्हणाले.

मी हसलो. जालन्यात मोटारबोट! पण ते हसले नाहीत. गोदावरीवर एका सरकारी कचेरीची बोट होती, ती त्यांनी तीस वर्षं चालवली होती. पुरात माणसं काढायची आणि एरवी 'जी साहेब, जी साहेब' करत साहेबांना या काठावरून त्या काठावर न्यायचं. बोट वयानं माझ्याहून मोठी, सागवानी. ती भंगारात निघाली तेव्हा यांनीच ती लिलावात घेतली आणि शेतातल्या पत्र्याखाली ठेवली. इंजिन त्यांनी स्वतः चालू केलं होतं. मीटर तेवढे राहिले होते.

मी सरळ म्हणालो, "मामा, हे टाकून द्या. ट्रकचे नवे मीटर लावून देतो."

"नवे मला दिसत न्हाईत, मिस्तरी. ह्यांचे काटे कुठं उभे राह्यतात ते मला पाठ हाए."

मग त्यांनी सांगितलं. डोळ्यांचे पडदे झिजत होते. बाजूचं दिसत राहील, पण ज्याच्याकडे बघाल तेच पुसत जाईल, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. नदीत पाणी होतं आणि नजर थोडी होती, तोवर बोट एकदा पाण्यात घालायची होती. बायकोला घेऊन. तीस वर्षांत तिला त्या बोटीत पाऊल टाकता आलं नव्हतं. सरकारी बोट, साहेबांशिवाय कुणी बसायचं नाही.

मी रागीट माणूस. गिऱ्हाइकाशी गोड बोलणं मला कधी जमलं नाही. पण हे काम मी जीव लावून केलं. पितळी कड्या चिंचेनं घासल्या. काचा काढून धुतल्या. आतल्या आकड्यांना रॉकेल लागू दिलं नाही, नाहीतर आकडेच पुसले गेले असते. अडकलेले काटे मोकळे केले, पांढऱ्या रंगाचा एकेक हात दिला. मग चारही मीटर उभ्या ट्रकच्या बोनेटवर ठेवून बॅटरीला जोडले. काटे असे उठले की ट्रकचा ड्रायव्हरसुद्धा चहा टाकून बघायला आला. मला माझाच अभिमान वाटला.

वडीगोद्रीला गेलो तर बोटीतली जुनी वायरिंग उंदरांनी कुरतडलेली. सगळी ओढून काढली. त्यात एक काळी वायर होती, या मीटरवरून त्या मीटरवर उड्या मारत जाणारी. तिचं मला काही कामच दिसेना. ट्रकमध्ये अशी वायर नसते. फालतू म्हणून फेकून दिली. नवी वायर ओढली, मीटर बसवले आणि बटण दाबलं.

बॅटरीचा काटा तेवढा हलला. बाकीचे तीन एकतर पडून राहायचे, नाहीतर टोकाला जाऊन चिकटायचे. आतले छोटे बल्बही पेटेनात. मी बल्ब बदलले. पुन्हा बदलले. मीटर काढून दुकानात आणले, बोनेटवर ठेवले तर सगळे ठणठणीत! परत बोटीत नेले की मेलेले. असं जालना ते वडीगोद्री माझं चालू होतं आणि मामा दर वेळी मीटरला नाक लावून विचारायचे, "उठला का हो?" दर वेळी नाक थोडं जास्त जवळ असायचं. ते मला दिसत होतं आणि म्हणून माझा राग वाढत होता.

तिसऱ्या आठवड्यात मी पाना आपटला. "मीटर मेलेत, मामा! तुमच्या हट्टापायी मी येडा हुईन." नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. मामा बोटीच्या कडेवर हात फिरवत राहिले. मला लाज वाटली, पण माघार घ्यायची सवय नव्हती.

मामी जवळच कापसाच्या गाठोड्यावर बसल्या होत्या. आमचं हे रोजचं नाटक त्या मुकाट्यानं बघायच्या. मी कपाळाला हात लावून स्वतःशीच म्हणालो, "ह्याचा काही अर्थच लागत न्हाई."

"मंग लावा की," मामी म्हणाल्या. "तीन हप्ते झाले, नुसते आदळून राह्यले."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. अर्थ लावा. त्या बिचाऱ्या साधं मराठी बोलल्या होत्या. मी मात्र बोटीच्या फळीवर हात ठेवला. सागवान. लोखंड नव्हे. ट्रकच्या बोनेटवर मीटर ठेवला की त्याला आपोआप अर्थ मिळतो, इथं कुठून मिळणार? लाकडातून करंट परत कसा जाणार? ती उड्या मारणारी काळी वायरच तर परतीची वाट होती, आणि ती मी माझ्या हातानं उकिरड्यावर टाकली होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

अर्ध्या तासात नवी काळी वायर ओढली, प्रत्येक मीटरच्या पाठीला बांधत थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत नेली. इंजिन चालू केलं. चारही काटे उठले. मी ओरडलोच.

मामा समोरच बसले होते. त्यांनी मान एका बाजूला वळवली, मग दुसऱ्या बाजूला. "उठले का?" त्यांनी विचारलं.

काटे त्यांच्या नाकापासून वीतभर अंतरावर होते. पहिल्या आठवड्यात त्यांना ते दिसले असते. हे माझ्यामुळे झालं होतं आणि मी तसं त्यांना सांगून टाकलं.

"येडे का खुळे, मिस्तरी?" मामा म्हणाले. "पडदा काय तुमी फाडला? बिलकुल मनाला लावून घेऊ नका."

चार दिवसांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून बोट नदीवर नेली, तेव्हा मला मुद्दाम बोलावणं आलं. गेलो, डॅशबोर्ड पाहिला आणि माझं डोकं पुन्हा सटकलं. मी इतक्या मायेनं धुतलेल्या काचांवर कुणीतरी लाल टिकल्या चिकटवल्या होत्या! "काचेला गोंद कुणी लावला?" मी गरजलो.

"म्या," मामी म्हणाल्या. "आकडे मला येत न्हाईत. ह्यांनी सांगितलं तेल कुठवर, इंजिनाचं पाणी कुठवर तापू द्यायचं. तिथं तिथं खूण केली. तुमी मीटर जालन्याला नेले की रिकाम्या भोकांपुढं बसवून शिकवायचे मला. पहिलं भोक तेलाचं, दुसरं पाण्याचं."

मी मागच्या फळीवर जाऊन बसलो.

मामांनी इंजिन चालू केलं. काठ त्यांना डोळ्यांच्या कडेतून दिसत होता, तेवढ्यावर त्यांनी बोट सफाईनं प्रवाहात घेतली. मामी शेजारी, पदर कमरेला खोचून, काट्यांवर नजर लावून. नदीकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मामांनी वेग वाढवला, आणखी वाढवला. बोटीचं नाक वर झालं आणि ते जवान पोरासारखे हसायला लागले.

"पान्याचा काटा टिकलीला टेकला," मामी म्हणाल्या. "हळू घ्या."

"जी," मामा म्हणाले, आणि त्यांनी बोट हळू केली.