दीपपालाची बहीण

"मी चादरींना इस्त्री करते. हो की नाही?"

"करतेस."

"आणि ती बया अंतराळात चादरींना इस्त्री करते."

"अंतराळात नाही गं, दीपस्तंभात. दीपस्तंभ अंतराळाच्या काठावर आहे. आत हवा असते, त्यामुळे—"

"लेन."

"बरं, राहिलं."

"मी प्लास्टिकच्या पिशव्यांच्या त्रिकोणी घड्या घालते. ती ग्रहांच्या घालते. काल तिने माणसांनी भरलेला अख्खा ग्रह घडी घालून खणात ठेवला. सिंकच्या डावीकडच्या खणात."

"डावीकडचं मी लिहिलं नव्हतं. ते त्यांनी पदरचं घातलंय."

हे वाक्य तोंडातून निसटलं आणि लेनर्ड टॅपस्कॉटला कळलं की आज चहा मिळायचा नाही. विनिफ्रेडने किटलीचं बटण बंद केलं, हात पुसले आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. ती बसली म्हणजे प्रकरण गंभीर. स्वयंपाकघरात ती सहसा बसत नाही.

"म्हणजे बाकीचं तू लिहिलंस," ती म्हणाली.

केटरिंग गावात ‘सातवा दीपस्तंभ’ ही मालिका ठाऊक नसलेला माणूस शोधावा लागेल, आणि ठाऊक असलेला भेटला तर त्याच्यापासून सुटका शोधावी लागेल. विश्वाच्या काठावर एक दीपस्तंभ, त्यातला दिवा सांभाळणारा दीपपाल ऑर्वेन, आणि त्या दिव्यावर दर आठवड्याला चाल करून येणारं रबराचं काहीतरी, एवढीच गोष्ट. विनी आणि लेन शाळेत होते तेव्हा ती सुरू झाली, मधे बरीच वर्षं बंद पडली, आणि आता तरुण मंडळींनी नव्या रबरासह पुन्हा सुरू केली. दीपपालाचा नट बदलला की देशभर सुतक पाळतात. नवा नट दुसऱ्यांदा हसला की ते फिटतं.

या मालिकेचा सोबती लेनने लिहिला. सोबती म्हणजे चाहत्यांनी शेजारी उघडून ठेवायचा कोश. कोणता राक्षस कोणत्या भागात आला, कोणत्या दारातून आला, दाराचा रंग कोणता, आणि आधीच्या आवृत्तीत दिलेला वेगळा रंग मुळात चूक का नव्हता, असं सगळं त्यात मिळतं. लेन नगरपालिकेच्या कचरा खात्यात होता. नोकरीतून उरलेला सगळा वेळ, म्हणजे लग्न, त्याने या पुस्तकाला दिलं. वेष्टणावर ठळक छापलं आहे, ‘एकही चूक नाही’. दीपस्तंभातल्या यंत्रकावळ्याचा वाढदिवस त्याला पाठ आहे. विनीचा वाढदिवस यंत्रकावळ्याच्या नंतर केव्हातरी येतो, असा त्याच्या लक्षात राहतो.

विनी बुटांच्या कारखान्यात वरचं कातडं शिवायची. कारखाना बंद पडल्यावर चष्म्याच्या दुकानात बसू लागली. सोबतीच्या सगळ्या आवृत्त्या तिने हाताळल्या होत्या, पण फडक्याने. उघडून कधी पाहिल्या नव्हत्या.

"तो सापळा होता," लेन म्हणाला. "चोरांसाठी. धंद्यात सगळेच लावतात. नकाशावाले नसलेली गल्ली काढतात, आम्ही नसलेला माणूस घालतो. जो आपलं पुस्तक उतरवून काढेल त्याच्याकडे तो माणूस सापडतो, आणि चोर मुद्देमालासह हाती लागतो. मी ऑर्वेनला एक बहीण दिली. हेस्पा. मालिकेत तिचं नाव कधीच आलं नव्हतं."

"मग सापडला का चोर?"

"सापडला ना. क्लाइव्ह पेडली. त्याच्या सोबतीत हेस्पा जशीच्या तशी, स्वल्पविरामांसकट."

"आणि तू त्याला धरलंस."

लेन टेबलावरचा नसलेला डाग पुसू लागला. धरणार कसा? सापळ्यातला उंदीर चारचौघांत दाखवायचा तर सापळा आपण लावला हे सांगावं लागतं, आणि वेष्टणावर तर छापलेलं, एकही चूक नाही. तेव्हा लेन मूग गिळून बसला. क्लाइव्ह पेडली यथावकाश चाहता मंडळाचा अध्यक्ष झाला. आणि जेमायमा ऑकल नावाची एक मुलगी लेनचा सोबती उशाशी घेऊन लहानाची मोठी झाली, नव्या मालिकेची मुख्य लेखिका झाली, आणि तिने म्हटलं, अरे, या बिचाऱ्या बहिणीला इतकी वर्षं कोणी पडद्यावरच आणलं नाही.

"चोरासाठी कोणीही चाललं असतं," विनी म्हणाली. "एखादा माळी. एखादी आत्या. मीच का?"

"लिहायला बसलो तेव्हा तू समोर होतीस."

"काय करत होते?"

"पिशव्यांच्या घड्या."

"मी काही बोलत नाही," विनी म्हणाली, आणि पुढे बराच वेळ बोलली.

हेस्पाही प्रत्येक भागात नेमकं हेच करते. ‘मी काही बोलत नाही’ म्हणते, आणि शत्रूने शस्त्रं खाली ठेवेपर्यंत थांबत नाही. लेनच्या ओठांवर क्षणभर हसू आलं. त्याने ते परत पाठवलं, पण उशीर झाला होता.

"हसलास."

"नाही, बदके," लेन म्हणाला. केटरिंगमध्ये लाडाने असंच म्हणतात.

"बदक म्हणू नकोस. बदक तू बसथांब्यावरच्या परक्या बाईलाही म्हणतोस."

"विनी, ऐक ना. शनिवारी मेळावा आहे. माझा सत्कार आहे. ती जेमायमा मला मंचावर विचारणार, की हेस्पा तुम्हाला कुठल्या भागात सापडली. मी काय सांगू?"

"खरं सांग. नसलेली भरली म्हणून."

"मग तोच सत्कार क्लाइव्ह माझ्या अंगावरून काढून घेईल. सगळे म्हणतील, याने एक खोटं घातलं तर आणखी किती असतील. आयुष्य गेलं माझं त्यात."

"आयुष्य तुझं गेलं," विनी म्हणाली. "मी बागेत होते वाटतं."

मग लेनने मनात जुळवून ठेवलेलं बाहेर काढलं. मालिकेचे सुरुवातीचे काही भाग हरवलेले आहेत. वाहिनीने काटकसर म्हणून त्या फिती पुसल्या आणि त्यांवर घोड्यांच्या शर्यती भरल्या. हरवलेला भाग ही चाहत्यांची मोठी सोय आहे. जे कुठेच सापडत नाही ते तिथे असतं, आणि तिथे नव्हतं असं कोणी सिद्ध करू शकत नाही. ‘काळी भरती’ नावाचा तसा एक भाग लागला तेव्हा लेनच्या आईने शेजारच्या विनीला घरात बोलावलं होतं, कारण विनीकडे टीव्ही नव्हता. त्या भागात ऑर्वेनने बहिणीचं नाव घेतलं, असं लेन सांगणार.

"आणि मी?"

"तू साक्षीदार. हयात असलेली. बोलायचंसुद्धा नाही, नुसती मान हलवायची."

"मला त्या दिवशीचे डब्यातले पीच आठवतात," विनी म्हणाली. "आणि तू टीव्हीसमोर टेपचा माइक धरला होतास, अन् दुसऱ्या हाताने माझं तोंड दाबलं होतंस."

"आवाज आला असता रेकॉर्डिंगमध्ये. ती टेप पुढे यंत्राने खाल्ली, ते सोड."

विनी हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. नेहमीप्रमाणे लेनने ते हो धरलं.

मेळावा बाहेरच्या वळणरस्त्यावरच्या हॉटेलात होता. एरवी तिथे लग्नं आणि गालिच्यांचे सेल होतात. दारातच जांभळा झगा घातलेला क्लाइव्ह पेडली उभा होता. अध्यक्षांना झगा घालावा लागतो असा नियम आहे. नियम क्लाइव्हनेच केला.

"लेनर्ड, मित्रा," तो म्हणाला. "हेस्पाबद्दल दोघांनीच लिहिलं बघ. तू आणि मी."

"योगायोग," लेन म्हणाला.

"संशोधन," क्लाइव्ह म्हणाला.

लेन मंचाकडे गेला आणि विनी चहाच्या रांगेत उभी राहिली. तिथे तिला पहिली हेस्पा दिसली. मग दुसरी. मग मोजण्यात अर्थ उरला नाही. मातकट रंगाचं कार्डिगन, कमरेला ॲप्रन, पट्ट्यात खोचलेली त्रिकोणी घडी. काहींच्या टी-शर्टवर नुसतंच छापलेलं, ‘मी काही बोलत नाही’. विनीने स्वतःच्या कार्डिगनकडे पाहिलं. मातकट. सकाळी हाताला लागलं ते घातलं होतं.

"फारच छान जमवलंत," मागून कोणीतरी म्हणालं. तीही हेस्पाच होती, पण दाढीवाली. "कार्डिगन कुठून आणलंत?"

"घरातलंच आहे."

"वा. वाटतंही तसंच, वापरलेलं. फक्त राग मानू नका, पण चालणं जमत नाही तुम्हाला. तुम्ही जरा दबकत चालता. हेस्पा तशी चालत नाही."

"कशी चालते?"

"पाठ ताठ. जशी काही खोलीच तिला वाट देते."

विनीने कप घेतला आणि सवयीने दुधाचा वास घेतला. दाढीवाला खूश झाला. "हे मात्र अचूक," तो म्हणाला.

"तुम्हाला का आवडते ती?" विनीने विचारलं. "एवढी कटकटी बाई."

दाढीवाल्याने ॲप्रनची गाठ सोडून पुन्हा बांधली. "आमची आई तशी होती. सगळं घर तीच चालवायची, आणि घरात कोणाला पत्ता नव्हता. गेली तेव्हा आम्हाला कळलं की गरम पाणी आपोआप येत नाही." मग सावरून म्हणाला, "थांबा, पुस्तकात आहे सगळं. टॅपस्कॉटमध्ये बघा, पेडलीचं नको, त्याने उतरवलंय असं मला वाटतं." त्याने पिशवीतून लेनचा सोबती काढला. कोपरे दुमडलेले, मधे खुणेसाठी घातलेल्या कागदांची रांग. पान उघडून त्याने तिच्या हातात दिलं.

विनीने चष्मा लावला.

‘हेस्पा. ऑर्वेनची धाकटी बहीण. चादरींना इस्त्री करते, पिशव्यांच्या त्रिकोणी घड्या घालून खणात ठेवते. दूध ताजं असलं तरी वास घेतल्याशिवाय ओतत नाही. शेवटचा घोट बाकी असताना कप धुवायला नेते. रागावली की प्रार्थनागीत गुणगुणते, चाल चुकते. मी काही बोलत नाही, असं म्हणून बोलू लागते. दिव्याची वात रोज कोण कापतं हे ऑर्वेनने कधी विचारलेलं नाही, ती कापते. ती निघून गेल्यास दीपस्तंभ किती काळ चालेल, याची माहिती उपलब्ध नाही.’

शेवटचं वाक्य तिने पुन्हा वाचलं. चाल चुकते, हे त्याला कळत होतं तर. घरात तिने केस कापले तरी आठवडाभर न कळणारा माणूस. नवऱ्याने सगळ्या आयुष्यात एकदाच तिच्याबद्दल काही लिहिलं होतं, आणि तेही चोरांनी वाचावं म्हणून.

"सुरेख आहे ना?" दाढीवाला म्हणाला.

"चहा गार होतोय तुमचा," विनी म्हणाली, आणि शेवटचा घोट बाकी असलेला त्याचा कप उचलून घेऊन गेली.

मंचावर लेनला शाल नाही, पण पितळी दीपस्तंभ मिळाला. जेमायमा ऑकल त्याच्या शेजारी बसली होती. तिच्या मांडीवरही सोबती होता.

"टॅपस्कॉट साहेब, सगळ्यांना एकच गोष्ट ऐकायची आहे," ती म्हणाली. "हेस्पा. ती कुठून आली?"

लेनने घसा साफ केला. "‘काळी भरती’," तो म्हणाला.

सभागृहातून एक लांब उसासा गेला. हरवलेल्या भागाचं नाव ऐकलं की हे लोक असेच उसासतात, जसे काही सख्ख्या नातेवाइकाचं नाव निघालं.

"ऑर्वेन दिवा विझवतो," लेन म्हणाला, "आणि स्वतःशी म्हणतो, हेस्पा असती तर."

"मलाही तसंच आठवतं," क्लाइव्ह मोठ्याने म्हणाला. ‘काळी भरती’ लागली तेव्हा क्लाइव्ह पाळण्यात होता, पण अध्यक्षांना आठवतं.

मागच्या रांगेतून एक बारीक आवाज आला. "पुरावा?"

"साक्षीदार आहे," लेन म्हणाला. त्याने हाताने डोळ्यांवर सावली केली आणि अंधारात शोधलं. "माझी पत्नी. आम्ही दोघांनी तो भाग एकत्र पाहिला. विनी, तू होतीस ना आमच्या घरी? ऐकलंस ना तिचं नाव?"

सगळ्या माना वळल्या. कोणीतरी विनीच्या हातात माइक दिला. आजूबाजूच्या सगळ्या हेस्पा तिच्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या टी-शर्टांवरून तिचंच वाक्य तिच्याकडे बघत होतं.

नुसती मान खाली-वर करायची होती. मग हेस्पा कोण्या पुसलेल्या फितीची झाली असती, कोण्या मेलेल्या नटाने उच्चारलेली. पिशव्या, दूध, चुकलेली चाल, सगळं त्या फितीच्या मालकीचं झालं असतं. आडवी हलवली असती तर वेष्टणावरचं वाक्य पडलं असतं, आणि त्या वाक्यावर उभा असलेला माणूसही.

लेन बघत होता. पितळी दीपस्तंभ त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. टीव्हीसमोर माइक धरायचा तसाच.

"विनी," तो म्हणाला. "बदके. सांग ना."

विनीने माइक खुर्चीवर ठेवला. मेळाव्यात प्रत्येकाला माहितीपत्रकं भरून प्लास्टिकची पिशवी मिळाली होती. तिने आपली रिकामी केली, मांडीवर सपाट केली आणि तिची घडी घातली. एकदा लांब, मग कोपऱ्याला कोपरा, कोपऱ्याला कोपरा, टोक आत. पुढच्या रांगेत कोणीतरी श्वास रोखला. त्रिकोण तिने कार्डिगनच्या खिशात टाकला, उठली, आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेने निघाली.

सगळे वाट बघत होते की आता ती म्हणेल, मी काही बोलत नाही. ती काहीच म्हणाली नाही. वाटेत उभे असलेले लोक आपोआप बाजूला झाले.

"चालणं जमलं," दाढीवाला शेजारच्याला हळूच म्हणाला.

दार तिच्यामागे आपसूक बंद झालं. मंचावर लेन अजून हाताची सावली करून तिकडेच बघत होता.