चार बोल्ट

कारखान्यात सगळे तिला वहिनीच म्हणत. धाकटा दीर जोडणी खात्यात होता, त्याच्या तोंडची हाक सगळ्यांनी उचलली. बावीस वर्षं तिनं मिलिंग मशीनवर लोखंड कापलं. गुडघे बोलू लागले, तेव्हा हट्टानं मोजणीच्या खोलीतला स्कॅनर शिकली. तो जॉबवर, म्हणजे तपासायच्या भागावर, उजेडाचे पट्टे टाकी. पट्टे कुठे वाकतात ते कॅमेरे टिपत आणि पडद्यावर रंग उमटत. हिरवं ते बरोबर, लाल ते जास्त, निळं ते कमी.

त्या सकाळी दीर पंपाचं कवच घेऊन दारात उभा राहिला.

"वहिनी, तुमचं हिरवं तुम्हालाच लखलाभ. शाफ्ट अडतोय यात."

"तुमचाच हात अडत असेल, भावजी."

"चार नगांत? उरलेले छत्तीस आत्ता गाडीत चढतायत!"

तिचं हसू मावळलं. मागून साहेब म्हणाले, "वहिनी, स्कॅनरनं पास केलंय ना? मग गाडी सोडू."

"दुपारपर्यंत थांबवा. चूक सापडली नाही, तर ही खोली दुसऱ्याला द्या."

चकाकीनं कॅमेरे फसू नयेत म्हणून तिनं पांढरी भुकटी फवारली, कवच स्कॅनरच्या बैठकीवर चार बोल्टांनी आवळलं. हिरवं. पुन्हा सोडलं, पुन्हा आवळलं. हिरवंच. तिसऱ्यांदा पाना उचलला आणि हात हवेतच थांबला.

कापताना जॉब आवळावाच लागतो, नाहीतर उडून अंगावर येतो. बावीस वर्षांत ते हाडात मुरलेलं. पण उजेड कुठे कुणाला ढकलतो? वाकडं कवच तीच रोज दाबून सरळ करत होती, आणि स्कॅनर बिचारा दिसेल ते सांगत होता.

तिनं बोल्ट काढले. कवच टक् करून उसळलं, जणू रोखलेला श्वास सुटला. पट्टे पुन्हा फिरले. शाफ्टच्या भोकाची एक कड लालभडक झाली.

"म्हणजे मशीन बिघडलंय?" साहेबांनी विचारलं.

"नाही. मी चुकले. पास केलेल्या कागदांवर सही माझी आहे. गाडी उतरवा, छत्तीसही मीच तपासते."

"आणि गुडघे?"

"ते बसतील स्टुलावर."

पहिला नग दिरानंच आणून ठेवला. सवयीनं पाना पुढे केला.

"तो तुमच्या कपाटात ठेवा, भावजी," ती म्हणाली, "आणि किल्ली मला दाखवूसुद्धा नका."