सहाव्या बाटलीचा आकडा

गेल्या महिन्यात आमच्या अमरावतीच्या कॉलेजात नव्या प्राध्यापकांसाठी एक कार्यशाळा ठरली. विषय, बीएस्सीच्या मुलांना संशोधनात मार्गदर्शन कसं करावं. पहिलं व्याख्यान माझ्याकडे आलं, कारण रसायनशास्त्रात मीच सगळ्यात जुना. दाखवायला जुने प्रोजेक्ट हवेत म्हणून कपाट उपसलं, तर त्यात एका मुलीची कच्ची वही निघाली. नऊ वर्षांपूर्वी मी अकोल्याला शिकवत होतो तेव्हाची. बदलीच्या वेळी माझ्या कागदांबरोबर ती इकडे आली असणार. मी तिचा मार्गदर्शक होतो आणि ही वही मी पहिल्यांदा उघडत होतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

मुलगी तेल्हाऱ्याकडच्या एका खेड्यातली, तिसऱ्या वर्षाला. गाव खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारट. बारा विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून तिने एसटीने आणलं होतं आणि त्यातला खारटपणा ती मोजत होती. पाण्यात पिवळा दर्शक घालून वरून सिल्व्हर नायट्रेट थेंब थेंब सोडायचं, पिवळं पाणी विटकरी व्हायला लागलं की थांबायचं आणि किती मिलिलिटर लागलं ते लिहायचं. जितकं जास्त लागेल तितकं पाणी खारट. अकरा बाटल्यांना अठरा ते बावीस लागलं. सहाव्या बाटलीला चार पूर्णांक दोन.

ती हे सांगायला आली तेव्हा मी तपासणी समितीसाठी मार्गदर्शनाचे फॉर्म भरत होतो. प्रत्येक विद्यार्थ्याशी महिन्यातून एकदा चर्चा केल्याची नोंद त्यात लागते. वर्षभराच्या नोंदी मी एका बैठकीत, एकाच पेनाने उरकत होतो. त्या गडबडीत समोर उभ्या असलेल्या मुलीशी बोलायला मला वेळ नव्हता. मान वर न करता म्हणालो, "चुकलं असेल तुझं. बाकीच्यांसारखं घे."

"सर, पण ते विहीर..."

"सिल्व्हर नायट्रेट महाग असतं. पुन्हा वाया घालवू नको."

ती गेली. पक्क्या फाइलमध्ये सहाव्या बाटलीपुढे एकोणीस पूर्णांक आठ आलं. आलेख छान निघाला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कौतुक केलं. तोंडी परीक्षेला ती समोर बसली तेव्हा तिच्या बोटांवर काळे डाग होते. सिल्व्हर नायट्रेट सांडलं की असे डाग पडतात आणि काही दिवस जात नाहीत. प्रयोग तर महिन्यापूर्वीच संपले होते. म्हणजे माझं न ऐकता हिने पुन्हा मोजलंय, हे मला तिथेच कळलं. तरी विचारलं नाही. प्रमाणपत्रावर सही केली. पुढे तिने एमएस्सीचा फॉर्म भरला नाही असं कानावर आलं. लग्न ठरलं असेल, असं मीच माझ्यापुरतं ठरवून टाकलं.

वहीत सहाव्या बाटलीच्या तीन नोंदी होत्या, तीन वेगळ्या तारखांच्या. चार पूर्णांक दोन, चार पूर्णांक दोन, चार पूर्णांक एक. खाली लिहिलं होतं: बंधाऱ्याजवळची विहीर, डाळ शिजवायला गाव इथूनच पाणी नेते. मी स्वतः वलगावच्या पुढच्या खेड्यातला. खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून माझी आईसुद्धा एका ठरलेल्या विहिरीवर जायची. हे पाणी कुठलं, एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं.

ती अकोल्यातच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, असं जुन्या विद्यार्थ्यांकडून कळलं. शनिवारी वही घेऊन गेलो. तिने चहा मागवला, घरची चौकशी केली. मी काय बोललो ते नीट आठवत नाही, अर्धंमुर्धं बोललो असेन. ती वहीची पानं उलटत होती.

"मले वाटलं, आपल्याले मोजताच येत नाही," ती म्हणाली. "तीनदा करूनबी चुकतेच, तर एमएस्सीले जाऊन काय करू?"

लग्नाचं मी विचारलं. ते त्यानंतर तीन वर्षांनी झालं होतं.

मग तिनेच विषय हलका केला. "इथं रिपोर्ट येडावाकडा आला न सर, तर आमी आधी पेशंटले इचारतो, काई खाऊन आलते का म्हणून. आकडा नाई बदलत कोणी."

मी हसलो, ती हसली नाही. व्याख्यानाला ही वही नेली तर चालेल का, असं विचारलं. न्या म्हणाली. निघताना मात्र म्हणाली, "कॉलेजात फाइल असन अजून. तेवढा आकडा नीट करा."

तिथून सरळ जुन्या कॉलेजात गेलो. विभागात आता सगळे नवे. फाइल वरच्या रॅकवर सापडली. तिथल्या तरुण प्राध्यापिकेने विचारलं की नऊ वर्षांनी ह्याचा काय उपयोग. मी खिशातून पेन काढलं. एकोणीस पूर्णांक आठवर एक रेघ मारली, बाजूला लिहिलं, "विद्यार्थिनीचं मूळ निरीक्षण ४.२, तीन वेळा तपासलेलं. बदल माझ्या सांगण्यावरून झाला होता." खाली सही, आजची तारीख. आलेखावरही नवा बिंदू काढला, बाकीच्यांपासून खूप खाली. फोटो काढून तिला पाठवला.

स्टँडवर पोचलो, अमरावतीची गाडी लागलेलीच होती. तेवढ्यात तिचा मेसेज आला.

"सर, ४.२ च्या पुढं मिली लिहायचं राहिलं."

मी गाडी सोडली आणि कॉलेज बंद व्हायच्या आत पुन्हा तिकडे निघालो.